पेटी आहे, पण आत 'नाही' आहे : ट्रू-फॉल्स ऑब्जेक्टमध्ये गुंडाळल्यावर काय होतं

माडाखाली | ४ मे, रात्री १०:५०

देवगडजवळच्या आमच्या वाडीत राहून मी पुण्यातल्या एका कंपनीचं जावाचं काम करतो. हंगामात गावातल्या दहा-बारा बागायतदारांनी मिळून चालवलेल्या पॅकिंगसाठी एक छोटा प्रोग्रॅमही सांभाळतो. वाशीला जाणारा माल कच्चाच जातो, त्याचा इथे संबंध नाही. हा प्रोग्रॅम घरपोच पेट्यांचा. त्यांतला आंबा आधी अढीत ठेवतात. रंग फिरायला लागला की काकी 'तयार' म्हणतात, त्यांची सून टॅबवर खूण करते आणि तेवढ्याच पेट्यांच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या छापल्या जातात. अढी बघायचं काम काकींकडे माझ्या लहानपणापासून आहे.

मागच्या सोमवारी ६४ पेट्या नोंदवलेल्या होत्या. तयार होत्या ४१. प्रिंटरने चिठ्ठ्या काढल्या ६४. टेम्पो भरायला घेतला तेव्हा काकींनी सहज एक पेटी उचलून नाकाशी धरली आणि परत खाली ठेवली. "ह्या पेटयेक वास नाय. आंबो अजून हिरवो आसा. चिठी कोणी लायल्यान?"

टेम्पो थांबवून २३ पेट्या उतरवल्या. गडी दमलेले होते, ड्रायव्हरला घाट अंधाराआधी चढायचा होता, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. रात्री जेवून कोड उघडला. जावास्क्रिप्टच्या (जावाहून वेगळी भाषा) दोन ओळी होत्या (कोड देवनागरीतच लिहितोय, वाचताना अडखळायला नको; 'इफ' म्हणजे 'जर'):

तयार = न्यू बूलियन(नोंद.तयार)
इफ (तयार) चिठ्ठीछाप()

नोंदी दोन टॅबवरून येतात. एकीकडून ट्रू-फॉल्स (खरं-खोटं) येतं, दुसरीकडून शून्य किंवा एक. सगळं एका साच्यात यावं म्हणून मी बूलियनमध्ये, म्हणजे ट्रू आणि फॉल्स अशा दोनच किमतींच्या प्रकारात, रूपांतर केलं, आणि दिवसभर जावा लिहिणाऱ्या हाताने पुढे 'न्यू' लिहिलं. 'न्यू' म्हणजे किंमत पोटात धरणारं नवं ऑब्जेक्ट बनव. डेटा कुठे चुकतोय ते बघायला प्रत्येक पेटीची नोंद जेसनमध्ये (माहिती मजकूर म्हणून मांडायची पद्धत) करून लॉगमध्ये छापली. २३ पेट्यांसमोर स्वच्छ 'फॉल्स'. मग इफच्या आधी तपासलं, 'तयार == फॉल्स' आहे का? उत्तर आलं, ट्रू. म्हणजे किंमत फॉल्स आहे हे लॉगही सांगतोय आणि तुलनाही सांगतेय. त्याच्या पुढच्याच ओळीवरचा इफ मात्र दार उघडून आत जातोय. दीड वाजेपर्यंत मी ब्राउझरवर, टॅबवर, नेटवर्कवर संशय घेतला. शेवटी टाइपऑफ, म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची आहे ते, छापलं तेव्हा 'ऑब्जेक्ट' असं उत्तर आलं आणि सगळं एकदम लख्ख दिसलं.

जावास्क्रिप्टचा इफ ऑब्जेक्टच्या आत डोकावत नाही. खोट्यात जमा होणाऱ्या किमती मोजक्याच आहेत: फॉल्स, शून्य (उणे शून्य आणि बिगइंट या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकाराचं शून्य धरून), रिकामी स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर), नल (रिकामं), अनडिफाइन्ड (किंमत दिलेलीच नाही) आणि नॅन (आकडा नसलेलं उत्तर). ऑब्जेक्ट त्या यादीत नाही, मग त्यात काहीही भरलेलं असो. फॉल्स पेटीत घालून झाकण लावलं की इफला फक्त पेटी दिसते. पेटी आहे ना? मग खरं.

घोळ वाढतो तो बाकीच्या जागा पेटी उघडतात म्हणून. दोन बरोबर-चिन्हांची तुलना पेटी उघडून आतली किंमत काढते, त्यामुळे 'बरोबर फॉल्स' असं उत्तर येतं. जेसन करणारं फंक्शनही उघडतं, म्हणून लॉगमध्ये फॉल्स दिसतं. तीन बरोबर-चिन्हांची तुलना उघडत नाही, तिला ते ऑब्जेक्टच दिसतं. उद्गारचिन्ह लावून उलट केलं तरी पेटी बंदच राहते, आणि 'नॉट' चं उत्तर फॉल्स येतं. म्हणजे एकाच चलाबद्दल 'हे फॉल्सच्या बरोबर आहे' हेही ट्रू आणि 'हे खोटं नाही' हेही ट्रू.

जावात हेच लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. तिथे इफला ऑब्जेक्ट चालतच नाही, कंपायलर आधी पेटी उघडून आतली किंमत घेतो. ती सवय इथे उपयोगाची नाही.

दुरुस्ती एका शब्दाची. 'न्यू' काढलं. नुसतं बूलियन(नोंद.तयार) लिहिलं की साधी किंमत मिळते. दोन उद्गारचिन्हांनीही तेच होतं. फक्त 'फॉल्स' हा शब्द स्ट्रिंग म्हणून आला तर तो दोन्हीकडे ट्रूच होणार, कारण ती रिकामी स्ट्रिंग नाही.

सोमवारपासून डोक्यात घोळतंय ते वेगळंच. नोकरीच्या जावा कोडमध्ये शेकडो ठिकाणी कॅपिटल बी वाला, म्हणजे पेटीतला, बूलियन आहे. त्यातला कुठला खरंच लागतो आणि कुठला सवयीने पडलाय? होय-नाहीइतक्या साध्या गोष्टीला पेटी कधी लागावी? तुमचे अनुभव लिहा.

——

सुरंगी | ४ मे, रात्री ११:३५

माडाखाली, फार चांगलं उलगडून लिहिलंत. वेंगुर्ल्याला माहेरी असले की मीही अढीच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसते, त्यामुळे तो वास न आलेला क्षण अगदी पोचला.

जावाबद्दल माझ्या बाजूने. स्मॉल बी वाला बूलियन म्हणजे नुसती किंमत, कॅपिटल बी वाला म्हणजे तीच किंमत पोटात धरलेलं ऑब्जेक्ट. पेटी लागते कारण लिस्ट, मॅप, सेट यांत प्रिमिटिव्ह (साधी किंमत) ठेवताच येत नाही, जेनेरिक्सला (कुठल्याही प्रकारासाठी एकच कोड चालवायच्या सोयीला) ऑब्जेक्टच हवं. २००४ साली जावा ५ मध्ये ऑटोबॉक्सिंग आलं आणि पेटी भरणं-उघडणं कंपायलर आपणहून करायला लागला. सोय झाली, पण पेटी कुठे भरली जाते नि कुठे उघडते ते कोडमध्ये दिसेनासं झालं.

जगात ट्रू एकच आणि फॉल्स एकच. मग दर वेळी नवं ऑब्जेक्ट कशाला? म्हणून जावात दोन तयार ऑब्जेक्ट आहेत, बूलियन डॉट ट्रू आणि बूलियन डॉट फॉल्स. व्हॅल्यूऑफ मागितलं की त्यांतलंच एक हातात येतं, ऑटोबॉक्सिंगही तेच वापरतं. 'न्यू' केलं तर मात्र खरोखर नवं ऑब्जेक्ट तयार होतं, आणि दोन नव्या ट्रूंची बरोबर-चिन्हाने तुलना केली तर उत्तर फॉल्स! कारण तिथे दोन पेट्या एकच आहेत का एवढंच विचारलं जातं. हा कन्स्ट्रक्टर २०१७ मध्ये जावा ९ ने कालबाह्य ठरवला, आणि २०२१ मध्ये जावा १६ ने 'पुढे काढून टाकणार' असा शिक्का मारला. तेव्हा न्यू बूलियन जावातही लिहू नका. हाताची सवय तिथूनच मोडा.

आणि कुणीही बूलियनच्या ऑब्जेक्टवर सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावू नका. ते दोन ऑब्जेक्ट सगळ्या प्रोग्रॅमचे सामाईक आहेत. तुमच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीच्या खिशात निघेल.

——

कातळावरचा | ५ मे, सकाळी ७:१०

मी रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. जावास्क्रिप्टमध्ये न्यू बूलियन कधीच वापरायचं नसेल तर ते भाषेत आहेच कशाला? आणि पायथनमध्येही असं काही होतं का? आम्हाला कॉलेजात आधी पायथन शिकवलं.

——

सुरंगी | ५ मे, सकाळी ८:०२

प्रश्न अजिबात बाळबोध नाही रे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. भाषा जावासारखी दिसावी असा वरून आग्रह होता. साधी किंमत वेगळी आणि तिचं ऑब्जेक्ट वेगळं ही विभागणी जावाच्याच वळणाची.

त्या पेट्यांचा उपयोग भाषेला स्वतःला होतो. तू एखाद्या स्ट्रिंगवर टूअपरकेस (अक्षरं कॅपिटल करणारी मेथड) म्हणतोस ना, तेव्हा साध्या किमतीला स्वतःच्या मेथड नसतात. त्या क्षणापुरतं तिला रॅपर, म्हणजे हीच पेटी, चढवल्यासारखं वागवलं जातं, मेथड चालते, रॅपर संपतं. आपण हाताने पेटी बांधायची गरज त्यात कुठेच येत नाही. पुढे भाषा सांभाळणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. २०१५ मध्ये सिम्बॉल आला आणि २०२० मध्ये बिगइंट. या दोघांच्या पुढे 'न्यू' लिहिलं तर सरळ टाइपएरर येतो. जुन्या तिघांचं, म्हणजे बूलियन, नंबर आणि स्ट्रिंगचं, 'न्यू' आता काढता येत नाही, कारण जुनी पानं मोडतील. ईएसलिंट या कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात नो-न्यू-रॅपर्स नावाचा नियम आहे, तो चालू करून ठेव. टाइपस्क्रिप्ट (प्रकार लिहिता येणारं जावास्क्रिप्ट) लिहिलंस तर टाइप म्हणून स्मॉल बी वालाच लिही.

पायथनमध्ये सगळंच ऑब्जेक्ट, त्यामुळे साधी किंमत आणि पेटी असे दोन प्रकारच नाहीत. ट्रू नि फॉल्स ही एकेकच ऑब्जेक्ट आहेत आणि इफ त्यांना नीट ओळखतो. तिथली गंमत वेगळी आहे. बूल हा प्रकार २००३ मध्ये पायथन २.३ ला आला आणि तो पूर्णांकाच्या पोटी जन्मला. म्हणून ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन. 'फॉल्स' या स्ट्रिंगचं बूल केलंस तर तिथेही ट्रूच.

——

खाडीमुख | ५ मे, दुपारी २:४५

माडाखालीदादा, तुमच्या पेट्या उतरवता आल्या. मी सांगतो त्यात उतरवायला काही नव्हतं. बंदराचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत आणि काम मनापासून करतात.

आमच्याकडे मासेमारीला जाणाऱ्या नौकांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम आहे. नाव, तांडेल (नौकेचा प्रमुख), खलाशी किती, कधी सुटली आणि 'परतली' असा एक रकाना. तो रकाना डेटाबेसमध्ये बूलियन. नौका धक्क्याला लागली की क्लार्क ट्रू करतो. तांडेलाने वायरलेसवर 'अजून बाहेर आहोत' कळवलं की फॉल्स करतो. काहीच कळलं नसेल तर रकाना रिकामा, म्हणजे नल. मांडणी विचार करूनच केलेली होती.

पण स्क्रीनवर यादी दाखवणारा जावाचा कोड तो रकाना रिझल्टसेटच्या (डेटाबेसकडून आलेल्या ओळींच्या) गेटबूलियनने वाचत होता. ते फंक्शन साधा बूलियन देतं, आणि साध्या बूलियनमध्ये रिकामपणाला जागाच नाही. डेटाबेसमध्ये नल असेल तर ते फॉल्स देतं. कागदोपत्री नीट लिहिलेलं आहे, लगेच वॉजनल (आत्ता वाचलेलं नल होतं का) विचारा म्हणजे खरं काय ते कळेल. ते आमच्या कोडमध्ये कुणी विचारलेलं नव्हतं. रोजच्या दिवशी त्याने काही अडत नव्हतं.

मग एका वर्षी, हंगाम संपता संपता, बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवामानाचा इशारा, लागला. दुपारपासून नौका परत यायला लागल्या. संध्याकाळी स्क्रीनवर ११ नावं लाल रंगात, पुढे 'परतली नाही'. ऑफिसच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. एका तांडेलाच्या बायकोने स्क्रीनकडे बोट करून क्लार्कला विचारलं, "परतली नाय म्हंजे तुमाला ठाव हाय का, का तुमाला बी ठाव नाय?" क्लार्कला उत्तर देता येईना, कारण स्क्रीनवर दोन्हीला एकच शब्द होता.

११ पैकी दोघांचा निरोप खरोखर आलेला होता की ते बाहेर आहेत आणि निघालेत. उरलेल्या ९ नौकांबद्दल कुणालाच काही कळलेलं नव्हतं. वारं अंगावर यायला लागल्यावर त्यातल्या बऱ्याच दक्षिणेला वळून देवगडच्या खाडीत शिरल्या होत्या, काही जयगडला. वादळात देवगडला आसरा घ्यायचा ही दर्यावर्द्यांची जुनी रीत आहे. रात्री आठनंतर एकेकाचे फोन लागत गेले. सगळे सुखरूप होते.

त्या बाईचा प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोड बदलायला मीच बसलो. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांच्यात किती अंतर असतं ते मी तिच्याकडून शिकलो. म्हणून विचारलंत, पेटी कधी लागते, तर माझं उत्तर असं की 'माहीत नाही' ठेवायला जागा हवी असते तेव्हा. साध्या बूलियनमध्ये ती जागा नाही. कॅपिटल बी वाल्यात नल ठेवता येतो.

——

घाटमाथा | ५ मे, सायंकाळी ६:२०

खाडीमुख, वाचून काटा आला. सगळे सुखरूप होते हे वाचेपर्यंत श्वास रोखलेला होता.

तुमच्या मुद्द्याला माझं अनुमोदन, पण नल ठेवून प्रश्न सुटत नाही, तो पुढच्या खोलीत सरकतो. मी कराडला असतो, माझं बरंचसं आयुष्य डेटाबेसमध्ये गेलं. गणितज्ञ जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांच्या बीजगणितात किमती दोनच. एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) त्यात तिसरी घातली. नल आणि फॉल्स मिळून फॉल्स, कारण एक बाजू खोटी असेल तर दुसरी काहीही असो. नल किंवा ट्रू म्हणजे ट्रू. नल आणि ट्रू म्हणजे मात्र नलच. इथवर तर्क स्वच्छ आहे. घात होतो तो यादी काढताना. 'जिथे परतली बरोबर ट्रू' अशी एक यादी काढा, 'जिथे परतली बरोबर फॉल्स' अशी दुसरी काढा. तुमच्या त्या ९ नौका दोन्ही याद्यांत सापडणार नाहीत. 'नॉट परतली' लिहिलं तरी सापडणार नाहीत, कारण माहीत नसलेल्याचं उलटही माहीत नसलेलंच. जावाच्या स्क्रीनने निदान लाल दाखवल्या. नुसत्या क्वेरीवर अहवाल असता तर त्या नौका यादीतून नाहीशा झाल्या असत्या.

जावात हाच नल कॅपिटल बी वाल्यात आला आणि कुणी त्याच्यावर इफ लावला की पेटी उघडताना नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे रिकाम्याला हात लावल्याची चूक, आणि प्रोग्रॅम कोसळतो. सगळ्यात फसवं रूप प्रश्नचिन्ह-कोलनच्या तीन भागांच्या वाक्यात आहे. एका बाजूला कॅपिटल बी वालं चल, दुसऱ्या बाजूला नुसतं फॉल्स, आणि उत्तर कॅपिटल बी वाल्यात साठवायचं. वाचणाऱ्याला वाटतं की नल आहे तसा पलीकडे जाईल. पण एक बाजू साधी असल्यामुळे अख्ख्या वाक्याचा प्रकार साधा ठरतो, पेटी उघडली जाते आणि तिथेच कोसळतं. जावा १४ पासून (२०२०) एक्सेप्शनच्या संदेशात नेमकं काय नल होतं ते सांगायची सोय आली आणि १५ पासून ती आपोआप चालू असते, म्हणून आता शोधायला वेळ लागत नाही. त्याआधी एकाच ओळीत चार चलं असली की मी रात्री घालवल्यात.

——

कातळावरचा | ५ मे, सायंकाळी ७:०५

पण काका, बूलियन डॉट ट्रू डॉट इक्वल्स(चल) लिहिलं तर नलवर कोसळत नाही ना? इंटर्नशिपला आम्हाला तसंच लिहायला सांगतात.

——

घाटमाथा | ५ मे, रात्री ८:३०

कोसळत नाही, बरोबर. पण ते करतं काय ते बघ. नल आला तर उत्तर फॉल्स. म्हणजे खाडीमुख यांच्या स्क्रीनवर जे झालं तेच, फक्त सभ्य भाषेत. जिथे 'ठाऊक नसेल तर नाही धरा' हा खरोखरच धंद्याचा नियम असेल, उदाहरणार्थ ग्राहकाने जाहिरातीच्या मेसेजला संमती दिली का, तिथे हे लिहायलाच हवं. संमती कळलेली नसेल तर नाहीच धरायची. पण नुसता एक्सेप्शन टाळायचा म्हणून लिहिलंस तर तू अज्ञानाला नकारात बदलतोयस, आणि ते कुणाला कळणारही नाही. बोटीच्या रकान्यात मला कोसळलेला प्रोग्रॅम चालेल. क्लार्क निदान वही उघडेल, फोन फिरवेल.

सी शार्प या भाषेत २००५ पासून प्रश्नचिन्ह लावलेला बूल आहे. त्यात ट्रू, फॉल्स, नल अशा तीन किमती असतात आणि तो तसाच इफमध्ये घातला तर कंपायलर घेत नाही. कॉटलिन ही भाषाही प्रश्नचिन्ह लावलेला बूलियन इफमध्ये घेत नाही. लिहिणाऱ्याला तिथेच थांबून ठरवावं लागतं, रिकामं असेल तर काय करायचं. मला ते योग्य वाटतं. जावा त्या जागी गप्प राहतो.

——

सुरंगी | ५ मे, रात्री ९:१५

घाटमाथांशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच मी एक पाऊल पुढे जाते. तीन अवस्था असतील तर बूलियन सोडाच, साधा किंवा पेटीतला कुठलाच नको. एनम (ठरलेल्या मोजक्या नावांचा प्रकार) करा. परतली, बाहेर_आहे, खबर_नाही. कोड वाचणाऱ्याला नलचा अर्थ कुठेतरी टिपणात शोधावा लागतो. 'खबर_नाही' ला टिपण लागत नाही. शिवाय जावा १४ च्या स्विच एक्स्प्रेशनमध्ये तिघांपैकी एक अवस्था हाताळायची राहिली तर कंपायलरच अडवतो. नल विसरला तर रात्री फोन येतो.

मोठ्या लिस्ट असतील तर जागेचाही थोडा विचार करा. साध्या बूलियनच्या अ‍ॅरेत एका किमतीला साधारण एक बाइट जाते, बिटसेटमध्ये एक बिट. कॅपिटल बी वाल्यांच्या लिस्टमध्ये प्रत्येकाचा नुसता पत्ताच चार किंवा आठ बाइट खातो. पण पेट्या नि नौका मोजताना याने काही फरक पडत नाही, अर्थ आधी बघा.

——

खाडीमुख | ६ मे, सकाळी ६:४०

सुरंगीताई, अगदी तेच केलं होतं. आधी वॉजनल लावून तात्पुरतं भागवलं आणि पुढच्या हंगामाआधी, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत वेळ मिळाला तेव्हा, रकानाच बदलला. आता स्क्रीनवर 'खबर नाही' पिवळ्या रंगात येतं आणि त्याच्या बाजूला शेवटचा निरोप किती वाजता आला ती वेळ. बावटा लागला की क्लार्क पिवळी नावं आधी घेतो आणि देवगड, जयगड, विजयदुर्ग असे फोन करत सुटतो. लाल नावांपेक्षा पिवळ्यांना फोनची जास्त गरज असते, हे पूर्वी स्क्रीनवर दिसतच नव्हतं.

——

माडाखाली | ८ मे, रात्री ११:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. खाडीमुख, तुमचा अनुभव वाचून मी उठून अढीच्या खोलीत गेलो. माझी दुरुस्ती अर्धीच झाली होती हे तेव्हा लक्षात आलं.

'न्यू' काढल्यावर चिठ्ठ्या बरोबर छापायला लागल्या. पण 'तयार' च्या शेजारी माझ्याकडे आणखी एक रकाना आहे, 'साका'. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हापूसच्या आत कधीकधी गर पांढरट, स्पंजासारखा, बेचव होतो. वरून फळ देखणं असतं, रंग सोन्यासारखा, वासही येतो. कापल्याशिवाय कळत नाही. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या रत्नामध्ये साका होत नाही, पण आमच्या बागा जुन्या हापूसच्या. काकी प्रत्येक बागेच्या मालातली दोन-चार फळं कापून बघतात आणि त्यावरून त्या मालाचा अंदाज बांधतात. सगळ्या बागांचं कापून होतंच असं नाही.

माझ्या प्रोग्रॅममध्ये 'साका' साधा बूलियन होता, सुरुवातीची किंमत फॉल्स. म्हणजे ज्या बागेचं एकही फळ कापलेलं नाही तिच्या प्रत्येक पेटीसमोर गेली दोन वर्षं 'साका नाही' असं नोंदलं गेलंय. गिऱ्हाईकाने फोनवर विचारलं तर आम्ही स्क्रीन बघून सांगायचो, "नाही, साका नाही." कुणी खोटं बोलत नव्हतं. स्क्रीनवर तसंच होतं.

काकींना विचारलं, मी प्रोग्रॅम करायच्या आधी तुम्ही हे कसं लिहायचात? त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. दोनशे पानी, रेघा स्वतः आखलेल्या. साक्याच्या रकान्यात काही ठिकाणी फुली, काही ठिकाणी बरोबरची खूण, आणि बरीच घरं कोरी. कोरी का, म्हणून विचारलं. "कापूक नाय तर लिवतलंय काय?"

वहीत पहिल्यापासून तीन अवस्था होत्या. ती वही समोर ठेवूनच मी टेबल बनवलं होतं आणि कोऱ्या घराला फुली मारून टाकली होती.

परवा रकाना बदलला. एनम केला, नावं काकींच्याच शब्दांत: साका_मिळाला, कापून_बघितलं_ठीक, कापलं_नाही. 'तयार' साधा बूलियनच ठेवलाय, कारण तिथे काकी प्रत्येक पेटी हाताळतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय चिठ्ठी निघू नये हाच नियम आहे. नोकरीच्या कोडमध्येही कॅपिटल बी वाले एकेक उघडून बघायला घेतलेत. आतापर्यंत पाहिलेल्यांतले बरेचसे लिस्ट-मॅपमुळे आहेत, ते राहू देत. काहींत नल कधी येतच नाही, ते साधे केले. तीन ठिकाणी नल येतो आणि त्याचा अर्थ टीममध्ये कुणालाच सांगता आला नाही. त्यांच्यासाठी सोमवारी बसणार आहोत.

मागच्या दोन वर्षांच्या नोंदींतलं फॉल्स आता कापून लिहिलेलं की न कापता पडलेलं, हे डेटाबेसवरून वेगळं काढता येत नाही. नशिबाने काकींनी प्रोग्रॅम आल्यावरही वही सोडलेली नव्हती. रोज रात्री त्या पेटी नंबर वाचतात, कोरं घर आलं की "कोरा" म्हणतात, आणि मी ती नोंद बदलतो. पहिलं वर्ष झालं. दुसरं पाऊस लागायच्या आत उरकायचंय.